संध्याकाळी न दुखलेले डोळे

लग्न होऊन कडावला आले तेव्हा सासूबाईंनी मला सगळ्यात आधी शिकवलं ते डोळ्यांवर बटाटा ठेवायला. कच्चा बटाटा किसायचा, पातळ फडक्यात बांधायचा, पाण्याच्या माठाला टेकवून गार करायचा आणि माणूस चटईवर आडवा झाला की त्याच्या मिटलेल्या पापण्यांवर ठेवायचा. माणूस म्हणजे आमचे हे. ह्यांचं वेल्डिंगचं काम, घराला लागूनच पत्र्याची शेड, आणि वेल्डिंगवाल्याच्या घरात आर्क लागणं, वेल्डिंगच्या झगझगाटाने डोळे भाजणं, म्हणजे सर्दी-पडशासारखं. दिवसभर काही नसतं. संध्याकाळी हातपाय धुऊन बसलं की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं सुरू होतं, पाणी गळायला लागतं, दिव्याकडे बघवत नाही. मग बटाटा. सकाळपर्यंत उतरतं. सासूबाई गेल्या, पण बटाट्याचं काम माझ्याकडे राहिलं ते राहिलंच.

आमची शेती थोडी. भात वर्षाचं खायला येतं. बाकी सगळं घर ह्यांच्या हातावर आणि डोळ्यांवर चालतं. मी ब्लाउज शिवते, पण माझ्या शिवणावर फार तर आठवड्याची भाजी येते. ह्यांचा टाका मात्र पंचक्रोशीत नावाजलेला. ह्यांनी दोन पाइप जोडले की जोड कुठे आहे ते बोट फिरवून शोधावं लागतं. असा टाका हातापेक्षा डोळ्यातून येतो, हे मला शिवणकामामुळे चांगलं कळतं. म्हणून त्या डोळ्यांचा मला कायम घोर. आता लिहायला बसले आहे तेही त्या डोळ्यांबद्दलच, आणि लिहिताना माझं डोकं ठिकाणावर नाही हे आधीच सांगून ठेवते.

शेडमध्ये एक रीत होती. रॉड टेकवण्याआधी हे मोठ्याने ओरडायचे, "डोळे!" की आसपास जो कोणी असेल त्याने तोंड फिरवायचं. त्यात लहान-मोठा असा भेद नव्हता. बंगल्याचा मालक गॉगल कपाळावर चढवून उभा असला तरी त्यालाही भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागायचं. मी घरात खिडकीशी मशीनवर बसलेली असले तरी माझी मान आपोआप खाली जायची. शेजारची म्हातारी तर म्हणायची, तुझा नवरा ओरडला की माझी म्हैससुद्धा डोळे मिटते. आम्ही हसायचो. पण ती हाक कधी चुकली नाही.

गेल्या काही वर्षांत आमच्या भागात फार्महाउसं उगवली. कशेळ्याच्या रस्त्याला, नदीच्या काठाने, तिकडे खालापूर-चौकच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी. मुंबईच्या माणसाला लोखंडी कठडा चालत नाही. त्याला स्टील लागतं, आणि तेही असं चकचकीत की जिना चढताना त्यात स्वतःचं तोंड बघता आलं पाहिजे. तसल्या पातळ स्टीलवर साधं वेल्डिंग केलं की जागा काळी-निळी पडते, पाइप वाकतो, मग घासत बसा दिवसभर. कामं हातची जायला लागली, तेव्हा लेझरचं मशीन घ्यायचं ठरलं.

खोपोलीकडच्या एका विकणाऱ्याने ते टेंपोतून आणून दिलं. लहान फ्रिजएवढा डबा, त्यातून निघालेली जाड नळी आणि नळीच्या टोकाला हातात धरायची बंदूक. सगळे तिला बंदूकच म्हणायचे, मीही म्हणायला लागले. तिच्या तोंडातून एक लाल ठिपका पडायचा. विकणाऱ्याने स्टीलचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले, ठिपका फटीवर धरला, घोडा दाबला आणि हात सरळ ओढत नेला. बारीकसा निळसर उजेड, थोडं फसफसलं, झालं. आर्कच्या मानाने ठिणग्या नाहीत, धूर नाही, डोळे दिपणं नाही. जोड तर पेन्सिलीने रेघ मारावी तसा. "आर्कची कटकट संपली तुमची," तो म्हणाला. त्याने स्वतः तेव्हा डोळ्यांवर काहीच लावलं नव्हतं.

खोक्यात हिरव्या काचेचा एक चष्मा निघाला. एकच. बंदूक ज्याच्या हातात, चष्मा त्याच्या डोळ्यांवर, असं ठरलं आणि ते आम्हाला अगदी न्यायाचं वाटलं. मशीनवर एक पिवळा त्रिकोण होता, त्यात चांदणीसारखं काहीतरी काढलेलं. दसऱ्याला मशीनची पूजा झाली तेव्हा माझ्या दिरांनी त्या त्रिकोणावर देवीचं स्टिकर चिकटवलं, कारण सपाट जागा तेवढीच होती.

माझे धाकटे दीर, म्हणजे भावजी, ह्यांच्याबरोबरच काम करायचे. पाइप कापणं, माप घेणं, हे जोड लावत असताना पलीकडून पाइप धरून ठेवणं आणि तयार माल टेंपोने पोचवणं. भारी थट्टेखोर. आम्ही सगळे त्यांच्या थट्टेला सरावलो होतो. मशीनला एक चिमटा होता, तो कामाच्या पाइपला लावल्याशिवाय बंदूक चालायची नाही. कोणाच्या सुरक्षेसाठी ते केलं असेल याचा विचार कोणी केला नाही. दर जोडाला चिमटा काढा-लावा करायचा ह्यांना कंटाळा आला, तर भावजींनी काहीतरी खटपट करून ती अडचणच काढून टाकली आणि संध्याकाळभर आपल्या डोक्याची तारीफ करत बसले.

पहिल्या दिवशी मी आपली सवयीने बटाटा किसून ठेवला. हे हातपाय धुऊन आले आणि थेट पानावर बसले.

"अहो, डोळे?" मी विचारलं.

"कसले डोळे? काय नाय झालं."

"वहिनी, बटाटा आता भाजीतच टाका," भावजी म्हणाले. "ह्यापुढं डोळ्यांवर ठेवायला मिळायचा नाय."

खरं सांगते, मला आनंद झाला. इतक्या वर्षांत कामाचा दिवस असून संध्याकाळी ह्यांचे डोळे लाल नाहीत, असं फार कमी वेळा झालं होतं. मी त्या किसाची थालीपिठं लावली आणि आम्ही ती हसत खाल्ली.

आमच्याकडे डोळ्याची परीक्षा एकच होती. संध्याकाळी दुखतो का? दुखला तर आर्क लागला, नाही दुखला तर डोळा ठीक. ह्यांना ही गोष्ट ह्यांच्या उस्तादाने शिकवलेली, त्याला त्याच्या उस्तादाने, आणि तिने कोणाला कधी फसवलं नव्हतं. म्हणून नव्या मशीनलाही आम्ही तीच परीक्षा लावली. रोज संध्याकाळी मशीन पास व्हायचं. दुखत नाही म्हणजे चांगलंच आहे, यापलीकडे कोणाचं डोकं गेलं नाही, माझंही नाही.

आणि शेडमधली हाक बंद झाली. डोळे दिपतच नाहीत तर ओरडायचं कशाला? कोणी ठरवून बंद केली नाही, आपोआप सुटली. मला ते जाणवलं होतं. दुपारी शिवताना मध्येच थांबून मी कान द्यायची आणि मग आठवायचं की आता ओरडणार नाहीत. गिऱ्हाइकं पुढे वाकून बघायला लागली. कोणी मोबाइलवर शूटिंग करायचं. ह्यांच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा, आणि समोर पाइप धरून बसलेले भावजी उघड्या डोळ्यांनी जोड बघत असायचे, इकडे घ्या, तिकडे घ्या असं सांगत.

लोधिवलीजवळच्या एका बंगल्याच्या जिन्याचं काम होतं. आरशासारखा पाइप, त्याला वळणं भरपूर. मी चहा घेऊन शेडमध्ये गेले होते. हे वाकून जोड लावत होते, भावजी पलीकडे उकिडवे बसून वळण धरून होते. एकदम त्यांनी मान मागे झटकली.

"काय झालं रं?" ह्यांनी बंदूक वर घेतली.

"काय नाय. कोणीतरी फोटो काढल्यावानी वाटलं. तुमी चालू द्या."

त्यांनी डोळे चोळले, चहा घेतला, माझ्या चहात साखर कमी असते म्हणून नेहमीचा टोमणा मारला आणि परत पाइप धरला. संध्याकाळी मी मुद्दाम विचारलं, डोळे दुखतात का? नाय म्हणाले. ह्यांनीही विचारलं. दुखत नव्हते. मग विषयच संपला.

त्यानंतर लहानसहान गोष्टी व्हायला लागल्या. तांब्यातलं पाणी भावजी पेल्याच्या बाहेर ओतायचे आणि वर पेल्यालाच शिव्या द्यायचे. मोबाइल बघताना एक डोळा मिटायचे. फाटकातून टेंपो काढताना आरसा घासला, तेव्हा फाटक अरुंद झालं म्हणाले. त्याच फाटकातून ते वर्षानुवर्षं टेंपो काढत होते. एकदा दोन पाइप चुकीच्या मापाने कापले गेले. हे भडकले, तर भावजी म्हणाले टेपवरचे आकडे पुसट झालेत. मी टेप बघितली. आकडे चांगले ठळक होते.

एक दिवस जेवताना मी मीठ वाढलं ते त्यांनी ताटाबाहेर चाचपलं. मला राहवलं नाही.

"भावजी, तुमी डावा डोळा मिटा बघू."

"काय वहिनी, डोळा मारायला शिकवता काय या वयात?"

"मिटा म्हणते ना."

त्यांनी मिटला. माझ्याकडे बघितलं आणि त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

"मधी डाग हाय," ते म्हणाले. "चहा सांडल्यावानी."

"कुठं बघितल्यावर?"

"जिकडं बघीन तिकडं."

हे जेवता जेवता थांबले. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली आणि उगाच भात कालवत बसले. तो भात ह्यांनी नंतर खाल्ला नाही.

कर्जतला स्टेशनच्या बाजूला डोळ्यांचा दवाखाना आहे. तिथली डॉक्टरीण माझ्याहून लहान, शांत बोलणारी. आम्ही तिघेही गेलो. तिने भावजींच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुली मोठी होईपर्यंत बसवून ठेवलं, मग यंत्रातून बराच वेळ बघितलं आणि फोटो काढला.

"ग्रहण बघितलं होतंत का, उघड्या डोळ्यांनी?" तिने विचारलं.

"नाय."

"लेझर? वरातीत वगैरे?"

"आमी नाय नाचत," भावजी म्हणाले, पण त्यांचा आवाज थट्टेचा नव्हता.

"काम काय करता?"

"वेल्डिंग."

"कसलं वेल्डिंग?"

भावजींनी ह्यांच्याकडे बघितलं. मग हेच बोलले. मशीनचं नाव घेताना ह्यांचा आवाज इतका बारीक झाला की तिने परत विचारलं.

तिने कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. डोळ्याच्या आतला फोटो, नारिंगी गोल, आणि बरोबर मधोमध तांदळाच्या कणीएवढा फिकट डाग.

"एवढाच?" हे म्हणाले. ह्यांना हायसं वाटल्याचं मला दिसलं.

"एवढाच," ती म्हणाली. "पण आपण वाचतो, माणसाचा चेहरा ओळखतो, सुईत दोरा ओवतो, ते सगळं या जागेने. बाकीच्या डोळ्याने नुसतं आजूबाजूचं दिसतं."

"पण मला एक दिवस दुखलं नाय," भावजी म्हणाले. लहान मुलाने तक्रार करावी तसे.

"आतल्या पडद्याला दुखत नाही. आर्कने डोळ्याचा वरचा भाग भाजतो, तो दुखतो, म्हणून तुम्हाला कळतं. हा किरण वरून आरपार आत जातो आणि डोळ्याचं भिंगच त्याला त्या एका जागी गोळा करतं. तुम्हाला तो दिसतही नाही. जो लाल ठिपका दिसतो तो फक्त नेम धरायला असतो."

"पन ते समोर कुठं होते? पलीकडं बसलेले," मी म्हणाले.

"पाइप चकचकीत होता ना?" तिने विचारलं. "मग त्यावरून उलटून आलेला किरणही पुरतो. डोळा मिटायच्या आत काम झालेलं असतं."

औषध काय, तर वाट बघायची. थोडं सुधारेल, पूर्ण येईल असं ती म्हणाली नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवायला तिने पनवेलचं नाव लिहून दिलं. नंतर तिथेही आम्हाला हेच सांगितलं. पण त्या दिवशी आम्ही उठायला लागलो तेव्हा तिने ह्यांच्याकडे बघितलं.

"बंदूक कोण धरतं?"

"मी," हे म्हणाले.

"मग तुम्ही बसा. तुमचेही डोळे बघते."

हे उठून उभे राहिले. "गाडी रस्त्यात लावली हाय," म्हणाले आणि चपला अडकवून बाहेर पडले. गाडी रस्त्यात नव्हती, चांगली झाडाखाली सावलीत लावलेली होती. मी डॉक्टरिणीकडे बघत राहिले. ती म्हणाली, त्यांना घेऊन या, आणि चष्म्यावर काही आकडे लिहिलेले आहेत का ते बघा. साध्या वेल्डिंगची काळी काच किंवा कुठलीही रंगीत काच चालत नाही, या किरणासाठीचा वेगळा चष्मा असतो आणि त्यावर त्याचे आकडे छापलेले असतात.

घरी आल्या आल्या मी शेडमध्ये जाऊन तो हिरवा चष्मा हातात घेतला. काचा बघितल्या, दांड्या उलट्यासुलट्या करून बघितल्या. कुठेही एक आकडा नव्हता. एका दांडीवर बारीक फूल काढलेलं होतं. ह्यांनी सदऱ्याने पुसून पुसून काचांवर चरे पाडले होते. इतके महिने माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांवर काय होतं याचा मला पत्ता लागेना.

त्यावरून आमचं जे भांडण झालं तसं आधी कधी झालं नव्हतं. मी तोंडाने फटकळ आहे, मला माहीत आहे. पण त्या दिवशी मला भीतीने राग आला होता, आणि तसला राग आवरत नाही.

"मला काय झालेलं नाय," हे म्हणाले. "झालं असतं तर कळलं नसतं मला?"

"भावजींना कळलं?"

"त्याला डाग दिसला."

"तो कधी दिसला? एक डोळा मिटल्यावर. दोन डोळे उघडे असले की एक दुसऱ्याचं झाकतो. तुमी मिटून बघितलाय?"

"बघितलाय. सगळं नीट हाय."

"मग डॉक्टरकडं चला."

"नवा चष्मा मागवतो. तो आला की जाऊ."

नवा चष्मा ह्यांनी खरंच मागवला. तो यायचा होता. तोवर मशीन ताडपत्रीखाली गेलं, आणि मला वाटलं निदान एवढं तरी झालं. मग लोधिवलीच्या मालकाचा फोन आला. मग पुन्हा आला. त्याच्या घरी पाहुणे यायचे होते. ताडपत्री निघाली. ह्यांनी शेडमध्ये एका कोपऱ्याला पत्रे उभे करून खोली केली, भावजींना आत यायला बंदी, गिऱ्हाइकाला बंदी, मला बंदी. माझी खिडकी ह्यांनी स्वतः पुठ्ठा ठोकून बंद केली. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांची ह्यांनी इतकी काळजी घेतली की मला रडू यायचं. स्वतः मात्र तोच हिरवा चष्मा लावून एकटे आत जायचे. पत्र्याआडून फसफस ऐकू यायची, थांबायची, परत यायची. मी शिवायला बसायची आणि ओळी वाकड्या जायच्या.

भावजींनी टेंपो चालवणं सोडलं. गिऱ्हाइकांचे फोन घेतात, हिशेबाचं बघतात. थट्टा करतात, पण करायच्या आधी समोर कोण आहे याची खात्री करून घेतात. त्यांच्याकडे बघून मला ह्यांचं पुढचं दिसायचं आणि मी ते डोक्यातून झटकून टाकायची.

मग मी ह्यांच्यावर नजर ठेवायला लागले. पेला बरोबर भरतात का, मीठ बरोबर उचलतात का. बरोबर उचलायचे. पण पेपर वाचायचा बंद केला आणि मलाच म्हणायचे, तू वाच, तुझा आवाज चांगला हाय. इतक्या वर्षांत माझ्या आवाजाचं कौतुक कधी झालं नव्हतं. बोलताना ह्यांची मान जरा तिरकी व्हायला लागली, नजर माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी. एका बंगल्यावरून जोडाचा फोटो आला. टाका फटीवरून सरकून बाजूला गेला होता. हे म्हणाले, उजेड कमी होता. मी तो फोटो मोठा करून करून बघितला. असला टाका ह्यांच्या हातून शिकताना तरी पडला असेल का, शंकाच आहे.

डॉक्टरकडे यायला हे तयार नव्हते. ओढून न्यायला हे काय लहान आहेत? तेव्हा मी घरीच परीक्षा घ्यायची ठरवलं. आधी भिंतीवरचं कॅलेंडर घेतलं. एक डोळा झाकून तारीख वाचा, मी म्हणाले. ह्यांनी खाडकन वाचली. दुसऱ्या दिवशीही वाचली. मग माझ्या लक्षात आलं, आज तारीख काय हे ह्यांना माहीतच असतं.

त्यावर मी माझीच टिकली घेतली. मी लावते ती लहान लाल. संध्याकाळी चहा घेऊन ओट्यावर बसलो की अजून चांगला उजेड असतो. मी समोर बसायची. आधी उजवा डोळा झाका, मग डावा झाका, माझ्या कपाळाकडे बघा, टिकली दिसते का सांगा. पहिले काही दिवस हे चिडले. मग सवय झाली, मग गंमत वाटायला लागली.

"टिकलीच काय, कपाळावरच्या आठ्या बी दिसतात," हे म्हणायचे. "सगळ्या माझ्या नावाच्या."

रोज दोन्ही डोळ्यांनी दिसायची. हे दिसते म्हणाले की मी चहा प्यायची, तोवर कप तसाच हातात धरून बसायची. मनाशी म्हणायची, चष्मा येईल, तोवर एवढं निभावू दे. भावजी आतून ऐकायचे.

कापणी झाली होती. त्या दिवशी सकाळपासून मी खळ्यावर भात झोडत होते. अंगभर कुसळं. परत येताना विहिरीवर तोंडावर पाणी मारलं, घरी येऊन चहा टाकला आणि ओट्यावर आले. हे शेडमधून आलेच होते. खूश होते, लोधिवलीचं शेवटचं काम पोचतं झालं होतं.

"झाका उजवा," मी म्हणाले.

ह्यांनी उजवा झाकला, माझ्याकडे बघितलं, क्षणभर थांबले आणि हसले. काही बोलले नाहीत. मला वाटलं रोजची थट्टा सुचत असेल. मग स्वतःच हात बदलला, डावा डोळा झाकला, मान जराशी तिरकी केली आणि माझ्या कपाळाकडे नीट बघितलं. घाई केली नाही.

"दिसते?"

"दिसते की. लालभडक. आज मोठी लावलीस जनू."

मला बरं वाटलं. मी चहाचा कप उचलला. कपाळाला कुसळ टोचत होतं ते काढायला बोट वर नेलं, तर बोटाखाली नुसती कातडी लागली. मी पूर्ण कपाळ चाचपलं. काहीच नव्हतं.

ह्यांचा तळवा अजून डाव्या डोळ्यावर होता. मी तो धरून खाली घेतला.

"आता बघा," मी म्हणाले.

ह्यांनी बघितलं. बराच वेळ माझ्या कपाळाकडे बघत राहिले. घरात भावजींच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"अहो, टिकली कुठाय?"

"मला वाटलं," हे म्हणाले, "असंलच. रोज असते ती."